पाऊण तासाचा फरक

फिलोमिनाच्या टोपलीत कालवं दिसायला लागली की आमच्याकडे थंडी आली असं समजायचं. भाईंदरची थंडी ती काय, अंगावर एक चादर जास्त आणि पंखा दोनवर. पण ही उत्तनची मासेवाली आमच्या बिल्डिंगचे तीन मजले चढून दारात टोपली टेकवते, वरचं ओलं फडकं बाजूला करते, आणि ते शिंपल्यातून काढलेले करडे, लिबलिबीत गोळे दिसले की मला चार वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. आठवतो म्हणजे काय, अंगावर येतो. त्या हंगामात मी स्वतःच्या बायकोचा हजेरीपट ठेवला होता.

आधी माझ्याविषयी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही उगाच चकित होणार नाही. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना होता, तिथे मी एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. गेटच्या आत काचेची खोली, भिंतीवर पंचिंगचं घड्याळ, आणि घड्याळाकडे कमी, माणसांकडे जास्त बघत बसलेला मी. एकाचं कार्ड दुसऱ्याने पंच केलं तर मला आवाजावरून कळायचं. दोन 'खट्'मधलं अंतर फार कमी असेल तर समजायचं, एकाच माणसाच्या हातात दोन कार्डं आहेत. लोक मला मागे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी घाटावरचा माणूस, सरळ तोंडाचा, पण विश्वास म्हणून काही असतं हे मला पगाराबरोबर कुणी दिलं नाही. भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला की मी देठ मोडून बघतो. डॉक्टर "काही नाही" म्हणाला की मला धडकी भरते.

तर असा मी रिटायर होऊन सहा महिने झाले होते. डिसेंबरमधली एक सकाळ. मथुरा, म्हणजे आमची सौभाग्यवती, ओट्यावर चहाचा कप झाकून ठेवत म्हणाली, "जरा जाऊन येते."

"कुठं?"

"इथंच."

सहा दहाला गेली. दहा वाजता आली. चार तासांचं 'इथंच' मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सहा पंचावन्नला गेली. तिसऱ्या दिवशी सात चाळीस. मग आठ पंचवीस, मग नऊ दहा. जुन्या सवयीने मी एका शंभर पानी वहीत रकाने आखले होते: निघाली, आली, शेरा. पाच दिवसांच्या नोंदी एकाखाली एक आल्या तेव्हा माझ्या कपाळाला घाम फुटला. रोज पाऊण तास उशिरा. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आणि सहाव्या दिवशी काहीच नाही! बाई घरात, मेथी निवडत बसलेली, जसं काही घडलंच नाही. पुढचे नऊ दिवस कुठेही गेली नाही. मी म्हटलं, चला, संपलं असेल जे काय असेल ते. सोळाव्या दिवशी पुन्हा सहा दहाला दार वाजलं.

ही शिफ्ट आहे, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. पण कसली शिफ्ट? असा कुठला मालक माणसाला पाच दिवस बोलावतो, रोज पाऊण तास पुढे ढकलतो आणि मग दहा दिवस सुट्टी देतो?

आता मुद्द्याचं. मी तेव्हापासून एक शब्द शोधतोय. ती बाहेर असायची ते चार तास माझ्या घरात चार तास नव्हते. वहीत ते चारच होते, पण मी त्यात बसलो होतो ना! मी दोनदा चहा करून पिऊन, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून, गॅलरीतून खाडीकडे बघून घड्याळाकडे यायचो, तर सात वाजून वीस मिनिटं. मला त्या घड्याळाचाच संशय आला. सेल बदलला. मोबाइलशी ताडून पाहिलं. दोघे एकमेकांना सामील असल्यासारखे तेच सांगत होते. आणि गंमत अशी की महिना संपल्यावर मागे वळून बघावं, तर तो सगळा महिना मुठीत मावेल एवढाच. आत असताना फुगलेला आणि बाहेर आल्यावर चिमटलेला. याला काय म्हणायचं? कारखान्यात आमच्याकडे लेट होतं, हाफ डे होता, ओव्हरटाइम होता. ज्याच्यावर संशय घेतलाय त्याची वाट बघण्याला कुठलाच शिक्का नव्हता.

ताटकळणं म्हणावं, तर ताटकळणारा माणूस निदान उघडपणे उभा असतो, कोणी विचारलं तर सांगू शकतो की अमक्यासाठी थांबलोय. खोळंबा म्हणावा, तर त्यात मध्ये काहीतरी आडवं आलेलं लागतं. वेळ रेंगाळतो म्हणावं, तर रेंगाळण्यात जरा मजा असते, ते रविवारचं काम. घर खायला उठतं असं आपण म्हणतो, ते जवळपास येतं. पण घर नव्हतं खायला उठलं, मीच उठलो होतो, वही घेऊन.

शेरा या रकान्यात तेव्हा काय काय लिहिलं होतं ते आज वाचलं की कान गरम होतात. 'जुनी रबरी चप्पल घातली, नवीन असताना.' 'उजव्या अंगठ्याला चीर, विचारल्यावर विळी म्हणाली. विळीने अंगठा असा कापत नाही.' 'आल्यावर केस ओले. बाहेर आंघोळ?' या शेवटच्या नोंदीखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

संशयाचंही एक वय असतं, तो वाढत जातो. आधी वाटलं, कुणाच्या घरी पोळ्या लाटायला जात असेल. मी रिटायर झालो म्हणून हिने काम धरलं, आणि मला कमीपणा नको म्हणून लपवलं. त्या कल्पनेने मला भरून आलं, मी दोन दिवस तिच्याशी बरा वागलो. मग वाटलं, कुठल्या बुवाच्या नादी लागली. मग वाटलं, आजार. पाच दिवस कसली तरी ट्रीटमेंट, मग आराम, पुन्हा पाच दिवस. ही रात्री शांत झोपायची आणि मी तिचा श्वास मोजत पडायचो. हे सांगायला हवं, कारण पुढचं सांगितल्यावर तुम्ही मला नुसता हलकट समजाल. पुढचं असं की आजाराचा संशय मला सोसवेना, म्हणून मी दुसरा धरला. साठीला आलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, लेकीचं लग्न करून मोकळ्या झालेल्या बाईवर असला संशय घ्यायची लाज वाटायला हवी माणसाला. वाटली. तरी घेतला.

त्यात ही फिलोमिना. वीस वर्षं दारावर येणारी बाई, कोलीम आणि बोंबलापलीकडे तिच्याशी कुणाचं बोलणं नव्हतं. एक दिवस मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो आणि दारातून हळू आवाज आला, "उद्या साताला पाच कमी गो. उशीर नको करू." आणि मथुरा नुसतं "हं" म्हणाली. मासे घेतलेच नाहीत! मासेवालीने यावं, वेळ सांगावी आणि टोपली उचलून जावं, याला सरळ व्यवहार म्हणतात का? संध्याकाळी ताटात कालवाचं सुकं आलं, ओलं खोबरं घालून, नुसतं तिखटजाळ. मी खुशीत येऊन म्हटलं, "फिलूकडची कालवं यंदा फार झकास आहेत." मथुरेने वर न बघता आणखी एक चमचा वाढला. पुरावा माझ्या ताटात होता आणि मी तो भाकरीबरोबर खात होतो.

जानेवारीच्या शेवटी मी तिच्या मागे गेलो. सहा पंचावन्नची पाळी होती. ती खाली उतरली, पूल ओलांडून पश्चिमेला गेली, उत्तनच्या बसमध्ये चढली. बसमध्ये शिरलो असतो तर दिसलो असतो. म्हणून रिक्षा केली. "उस बस के पीछे लो," मी म्हणालो. रिक्षावाला तरुण, चौकस. आरशातून मला निरखत त्याने विचारलं, "अंकल, बस में कौन है? बहू?"

"बीवी है."

"इस उमर में?" असं म्हणून त्याने जो हॉर्न दाबला, त्या हॉर्नमध्ये मला माझी सगळी अब्रू ऐकू आली. मुर्धा गाव गेलं, राई गाव गेलं, दोन्हीकडे मिठागरांच्या पांढऱ्या चौकटी उन्हात उजळायला लागल्या. या रस्त्याने मी कितीदा गेलो होतो, पण त्या दिवशी तो संपेचना. तुम्हाला सांगतो, तो रस्ता अर्ध्या तासाचा आहे आणि मी त्यात एक दिवाळी ते दुसरी दिवाळी एवढा बसलो होतो.

उत्तनला बस रिकामी झाली. ती एका गल्लीत शिरली. मी रिक्षावाल्याच्या हातात नोट कोंबून मागे धावलो. गल्ली संपली आणि समोर समुद्र होता, पण समुद्र जागेवर नव्हता. पार लांब गेला होता. त्याने मागे सोडलेले काळे खडक उघडे पडले होते आणि खडकांवर वीस-पंचवीस बायका उकिडव्या बसल्या होत्या, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. टक् टक् टक् असा बारीक लोखंडाचा आवाज सगळीकडून येत होता. एवढ्या पाठींमध्ये माझ्या बायकोची पाठ कुठली, ते मला ओळखता येईना. बत्तीस वर्षांचा संसार! मग त्यातली एक पाठ हसली. हसण्यावरून ओळखलं, आणि तेही पटकन नाही, कारण असं हसताना मी तिला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

तिने साडी गुडघ्याच्या वर खोचली होती. हातात टोकदार लोखंडी हत्यार होतं. खडकाला घट्ट चिकटलेल्या शिंपल्यावर एक ठोका, टोक आत, मनगटाला एक हिसका, की कालवाचा गोळा पातेल्यात. माझ्या पंचिंगच्या घड्याळालाही तेवढी लय नव्हती. तिच्याशेजारी फिलोमिना. तिने मला आधी पाहिलं आणि कोपराने मथुरेला डिवचलं.

मथुरा दचकली नाही की उठली नाही. "आलात?" ती म्हणाली. "बसा कुठंतरी. अजून पानी उतरतंय."

बसलो. काय करणार? चामड्याच्या चपला घालून त्या शेवाळावर पाय ठेवला तो आपटलो, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग बराच वेळ कुणी माझी दखल घेतली नाही. आणि एकाएकी तो टक् टक् आवाज कमी झाला. बायकांनी कंबरा सरळ केल्या. मथुरेने हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं, लांब पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पानी उभं हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे जातही न्हाय, येतही न्हाय. उभं हाय. थोड्या वेळानं फिरेल, मग निघायचं."

"किती वेळ उभं राहतं?"

"उभं हाय तवर," फिलोमिना म्हणाली, आणि दोघी पुन्हा खाली वाकल्या.

फिलोमिनाच्या घरी मागच्या मोरीत मथुरेने हातपाय धुतले, केसांतला खार धुतला. माझ्या त्या दोन रेघा तिथे निकालात निघाल्या. काळा चहा पुढे आला. आता मला आवाज चढवायला जागा होती, म्हणून मी चढवला. "अगं, पण सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच बंद केलं होतं ना?"

"मी?"

"तुम्ही." आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही, भाषा मात्र माहेरची झाली. ती इथल्याच खारी गावची, आगऱ्यांची पोर. आई, मावश्या सगळ्या ओहोटीला खाडीवर जायच्या, लहानपणापासून तिच्याही हाताला तीच सवय. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. एका सकाळी ती आईबरोबर जाऊन आली, पायाला गाळ होता. माझी आई गावाहून आली होती. मी जेवत होतो, शेवेची भाजी होती. आणि ताटावरून मान वर न करता मी म्हणालो, "ही चिखलातली कामं आता बंद."

"दुसऱ्या दिवसापासून गेले न्हाय," मथुरा म्हणाली. "आई ओहोटीला निघाली की दारावरून हाक मारायची, थोडे दिवस. मग तिनंही सोडलं. आता भावानं घर पाडलं, तर माळ्यावर तिचं हत्यार सापडलं. मुठीला तिच्या बोटांचे खळगे हायत अजून. ते हातात घेतलं आणि मग काय मला ऱ्हावलंच न्हाय."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. शेवेची भाजी नाही, गाळ नाही, वाक्य नाही. खरं सांगू? माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही रचून तर सांगत नाही ना! कुठे नोंद आहे याची? तेवढ्यात माझाच हात खिशाकडे गेला आणि वही खाली पडली. फिलोमिनाने उचलली, उघडली, बोट फिरवत वाचली आणि खदाखदा हसत सुटली. "बघ गो मथुरा! पान्याचा टायम लिवलाय यानं. सगला!"

दोघी वहीवर वाकल्या. अमावास्येनंतरचे पाच दिवस, पौर्णिमेनंतरचे पाच दिवस. ओहोटी रोज पाऊण तास मागे सरकते, पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच वेळेवर येते, मधल्या दिवसांत पाणी पुरेसं उतरतच नाही आणि खडक उघडे पडत नाहीत. ज्या भिंतीला टेकून मी रकाने भरत होतो, त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्येचा काळा गोळा आणि पौर्णिमेचा गोळा छापलेला होता. तिसऱ्या मजल्यावरून तीस वर्षं खाडी बघितली, कधी भरलेली, कधी रिकामी, आणि मला वाटायचं, असेल काहीतरी.

"ही वही मला द्या," मथुरा म्हणाली. "पुढच्या पंधरवड्याला कामाला येईल."

"मी विचारलं होतं की तुला. कुठं म्हणून."

"कुठं ते विचारलंत. का जाते ते न्हाय विचारलं." तिने शेऱ्याचा रकाना वाचला तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. तिने वाचला एवढं नक्की, कारण पान उलटायला तिला फार वेळ लागला.

त्या दिवशी दुपारी ती झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो, मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि ते वाक्य हळू आवाजात म्हणून पाहिलं. 'ही चिखलातली कामं आता बंद.' पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच आलं. दोन सेकंद. मला त्याची आठवणही राहिली नाही, आणि ती त्यात तीस वर्षं राहिली. माझे चार तास फुगले म्हणून मी शब्द शोधत हिंडत होतो! मी गेटवर बसून एकतीस वर्षं दुसऱ्यांची मिनिटं कापली, आणि घरातली ही गळती मला दिसली नाही. लाज वाटली. शरमेने अक्षरशः मान खाली गेली, ओट्यासमोर, एकट्याची.

तिने मला माफ केलं का? मी विचारलेलं नाही. "हो" म्हणाली तर माझा विश्वास बसणार नाही, आणि "न्हाय" म्हणाली तर बसेल. त्यापेक्षा वही तिच्याकडे आहे तेच बरं. ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते, कॅलेंडरच्या शेजारी. शेरा या रकान्यात आता तिच्या अक्षरात 'वारा', 'मोठी मिळाली', 'फिलू आली नाही' असं काय काय असतं. शब्दाचं म्हणाल, तर 'उभं पाणी' हा मला सगळ्यात जवळचा वाटतो. पण त्याचीही मला खात्री नाही. ते तिचं आहे, तिच्या आईचं आहे. मी उचललेलं आहे.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसायचं नाही, ओल्या जागी जपून. पुण्याहून लेकीचा फोन आला, माझ्या मोबाइलवर, मुद्दाम. "पप्पा, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती. एकदा बंद म्हणालात ना की जाणार नाही." पोरगी काळजीपोटीच बोलत होती. मीही काळजीतच होतो. शेवाळावर पाय सरकला तर? या वयात मोडलेलं हाड? रात्रभर मी ते वाक्य तोंडात घोळवलं. या वेळी ते शहाणपणाचं होतं, प्रेमाचं होतं, डॉक्टरांचाही त्याला पाठिंबा होता. म्हणूनच मला त्याचा दाट संशय आला.

आज अमावास्येनंतरचा पहिला दिवस. पहाटे उठलो तर ती गुडघ्याला पट्टा आवळून बसलेली. पिशवीत आईचं हत्यार, जुनी रबरी चप्पल पायात. माझी चाहूल लागली तशी तिने वर पाहिलं, आणि तशीच बघत राहिली. तिला फोनचं कळलं होतं, मी पैज लावतो. फ्रिजची घरघर थांबली. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली भरायला लावली होती, तिचा आवाज वर वर चढत गेला. तिचा हात पिशवीच्या बंदावर होता, उचललेला नाही आणि सोडलेलाही नाही.

मी गॅलरीतला प्लास्टिकचा छोटा स्टूल उचलला.

"सहा दहा झाले," मी म्हणालो. "चल, बस चुकेल."

"त्या चामड्याच्या घालू नका," ती म्हणाली. "मागच्या खेपेला आपटलात."

मी रबरी चपला शोधायला वाकलो. सवय जात नाही, म्हणून मनात मोजलं होतं. 'चल, बस चुकेल' एवढं म्हणायलाही दोनच सेकंद लागतात.